ताबा आणि नाते : समलिंगी व तृतीयपंथी समाजांतील पालकत्वाचा प्रश्न

१

मराठीतील ‘ताबा’ या शब्दाचे मूळ अरबीत असून ‘मागून येणारा, अनुसरणारा’ हा त्याचा मूलार्थ होय. ‘ताबेदार’ या शब्दात तो अर्थ अद्यापि टिकून आहे. न्यायालयीन मराठीत मात्र मुलाच्या संबंधात ‘ताबा’ म्हणजे मूल कोणाजवळ राहावे यासंबंधीचा अधिकार. ज्या शब्दाने पूर्वी अनुसरणाऱ्याचा निर्देश होत असे, त्याच शब्दाने आज ज्याचे अनुसरण करावयाचे त्याच्या हक्काचा निर्देश होतो. मूल कोणाचे, याचा निवाडा करताना मुलाकडून पालकाकडे दृष्टी वळण्याची जी प्रवृत्ती कायद्याच्या इतिहासात वारंवार आढळते, तिचेच प्रतिबिंब या अर्थपालटात पडले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

रक्तसंबंधाच्या व विवाहाच्या बाहेर राहून ज्या समाजांनी आपली घरे उभी केली, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र स्वरूपात पुढे येतो. हिजडा समाजातील गुरु-चेल्यांची घराणी, यल्लम्मेच्या जोगत्यांचे मेळे आणि गेल्या तीन-चार दशकांत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत निर्माण झालेली समलिंगी पुरुषांची व स्त्रियांची मित्रमंडळे ही तिन्ही एक नव्हेत. त्यांची उत्पत्ती निराळी, आचार निराळा आणि स्वतःविषयीची कल्पनाही निराळी. तथापि राज्यसंस्थेने या तिघांनाही एकच प्रश्न विचारला : तुमच्या घरात वाढणारे मूल तुमचे कसे? या प्रश्नाचा इतिहास मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ‘हिजडा’ हा शब्द येथे कागदपत्रांतील व त्या समाजाच्या स्वतःच्या वापरातील शब्द म्हणून योजला आहे. ‘तृतीयपंथी’ ही आजच्या मराठीतील रूढ संज्ञा होय.

२

मराठी राज्यात हिजड्यांना केवळ सहन केले जात होते असे नव्हे. काहींना राज्याकडून लेखी हक्क प्राप्त झालेले होते. लॉरेन्स प्रेस्टन यांनी मुंबई इलाख्याच्या दप्तरांच्या आधारे १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ही गोष्ट पुढे आली. गावोगाव फिरून ठरावीक दान वसूल करण्याचा हक्क, रोख वा धान्यरूप नेमणूक आणि क्वचित् इनाम जमीन, असे या हक्कांचे स्वरूप होते. अन्य वतनांप्रमाणेच हे हक्कही एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात. फरक इतकाच की येथे पिढी जन्माने ठरत नसे. गुरूच्या मागे चेला उभा राही, आणि गावाच्या दृष्टीने तोच वारस असे.

१८१८ साली पेशवाई संपुष्टात आल्यावर कंपनी सरकारने जुने हक्क चालू ठेवण्याचे धोरण सामान्यतः स्वीकारले होते. हिजड्यांच्या हक्कांपाशी मात्र ते अडखळले. ज्या वर्गाचे जीवनच इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने लांच्छनास्पद, त्याची वसुली सरकारने पाठीशी उभे राहून कशी करू द्यावी, असा पेच पडला. अखेरीस भिक्षेच्या हक्काला सरकारी आधार नाकारण्यात आला आणि गुरूकडून चेल्याकडे जाणाऱ्या वारशालाही मान्यता मिळाली नाही. १८५२ च्या ११ व्या अधिनियमान्वये इनामांची जी व्यापक चौकशी मुंबई इलाख्यात झाली, तिच्या आगेमागे हे घडत होते. ज्यांना औरस संतती असणे शक्य नाही त्यांचा वारसा अमान्य करणे म्हणजे त्यांची परंपरा एका मृत्यूनिशी समाप्त करणे होय, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

याच काळात सातारच्या गादीसंबंधानेही वारसाचाच प्रश्न उपस्थित झाला होता. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतलेला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तक मान्य करण्याकडे झुकत होते. परंतु डलहौसीने ते मानले नाही आणि १८४९ मध्ये संचालक मंडळाच्या मान्यतेने राज्य खालसा झाले. राजाच्या दत्तकाचा प्रश्न आणि रस्त्यावर टाळी वाजवून पोट भरणाऱ्याच्या चेल्याचा प्रश्न यांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. साम्य आहे ते निराळ्या ठिकाणी. दोन्हीकडे स्थानिक आचाराप्रमाणे जोडलेले नाते वैध होते आणि दोन्हीकडे ते वैध की अवैध हे ठरविण्याचा अधिकार नव्या सत्तेने आपल्या हाती घेतला. कराड-साताऱ्याच्या मुलखात गादीचे दुःख पोवाड्यांतून आणि बखरींतून बोलले गेले. चेल्यांच्या वारशाचे दुःख मात्र सरकारी टिपणांच्या बाहेर कोठे उमटल्याचे दिसत नाही.

३

मुलांच्या ताब्याचा प्रश्न कायद्याच्या भाषेत प्रथम उत्तर हिंदुस्थानात मांडला गेला. १८५२ साली मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या हिजड्याचा खून झाला. त्या खटल्याच्या निमित्ताने वायव्य प्रांतातील अधिकाऱ्यांचे लक्ष या समाजाकडे वेधले गेले, आणि हिजडे मुले पळवितात व त्यांना खच्ची करतात ही समजूत पुढील दोन दशकांत शासकीय सिद्धान्ताच्या पदवीला पोहोचली. तिचे फलित म्हणजे १८७१ चा २७ वा अधिनियम, अर्थात् गुन्हेगार जमातींचा कायदा होय.

या कायद्याच्या पहिल्या भागाची चर्चा महाराष्ट्रात पुष्कळ झाली आहे. दुसऱ्या भागाची त्या मानाने फारच थोडी. हा दुसरा भाग केवळ ‘षंढां’विषयी होता. मुले पळविणे, खच्ची करणे किंवा दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाखालील अपराध करणे यांचा ज्यांच्यावर वाजवी संशय असेल, त्यांची नावे नोंदवहीत घालावयाची. त्यांच्या मालमत्तेची माहिती घ्यावयाची. स्त्रीवेष धारण करून सार्वजनिक जागी दिसल्यास अथवा नाचगाणे केल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा द्यावयाची, अशी त्याची रचना होती. नोंद झालेल्या व्यक्तीने सोळा वर्षांखालील मुलगा आपल्या घरी वा नियंत्रणाखाली ठेवणे हाही स्वतंत्र अपराध ठरविण्यात आला. असा मुलगा आढळल्यास दंडाधिकाऱ्याने त्याला आईबापांच्या स्वाधीन करावे, ते न सापडल्यास त्याच्या पोषणाची व शिक्षणाची व्यवस्था करावी, अशी तरतूद होती. शिवाय नोंद झालेल्या व्यक्तीस अज्ञानाचे पालक होणे, बक्षीसपत्र वा मृत्युपत्र करणे आणि दत्तक घेणे या चारही गोष्टींची मनाई होती.

या चार मनाया एकत्र वाचल्या म्हणजे कायद्याचा खरा रोख स्पष्ट होतो. मुलांचे संरक्षण एवढाच हेतू असता तर पालकत्वाची मनाई पुरेशी होती; वयात आलेल्या चेल्याच्या नावे मृत्युपत्र करण्यास बंदी घालण्याचे प्रयोजन नव्हते. घरात नवे मूल येऊ नये, असलेले राहू नये आणि मेलेल्याचे काही मागे उरू नये, अशी ही योजना होती. जेसिका हिंची यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वायव्य प्रांताच्या दप्तरांची सविस्तर छाननी करून हेच दाखविले आहे की, हा समाज कालांतराने नामशेष व्हावा ही अधिकाऱ्यांची अपेक्षा होती.

हिंची यांच्या संशोधनातील एक निष्कर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. १८६० ते १८८० या वीस वर्षांत नोंद झालेल्या लोकांच्या घरी आढळलेल्या मुलांची एकूण संख्या शंभराच्या आतच होती. त्यांपैकी खच्ची केलेली मुले अगदी थोडी होती, आणि बहुसंख्य मुले आपल्या जन्मदात्या आईबापांसमवेतच त्या घरांत राहत होती. म्हणजे ज्याला कायदा ‘पळविलेली मुले’ म्हणत होता, ते अनेक ठिकाणी एका छपराखाली नांदणारे मिश्र कुटुंब होते. यावरून अपहरण कधीच घडले नाही असे अनुमान काढता येणार नाही. मुलांवर बळजबरी झाल्याची उदाहरणे त्याच दप्तरांत आहेत. परंतु अपवादाला नियम मानून त्यावर कायदा रचला गेला, एवढे मात्र निश्चित. आणि या सर्व कागदांत मुलांच्या वयाची, अंगाची आणि आईबापांची नोंद असली, तरी कोठे राहावयाचे याविषयीची त्यांची स्वतःची इच्छा विचारात घेण्याची तरतूद कायद्यात नव्हती.

१९११ मध्ये गुन्हेगार जमातींचा नवा कायदा झाला तेव्हा हा दुसरा भाग गळाला. तथापि त्याची छाया नाहीशी झाली नाही. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात अंतर्भूत होता, तेथे फसली १३२९ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या १९१९ च्या सुमारास, याच धर्तीचा कायदा करण्यात आला आणि सोळा वर्षांखालील मुलगा जवळ ठेवण्याची मनाई त्यातही उतरली. संस्थान गेले, भाषावार प्रांतरचना झाली, तरी हा कायदा तेलंगणाच्या मुलखात पुस्तकात राहिलाच. तो घटनाबाह्य असल्याचा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिला. कर्नाटकात तर २०११ साली पोलीस कायद्यात नवे कलम घालून तशाच नोंदवहीची तरतूद झाली होती. २०१६ मध्ये त्यातील ‘षंढ’ हा शब्द बदलण्यात आला. कायद्यातील संशयाचे आयुष्य राज्यकर्त्यांच्या आयुष्याहून दीर्घ असते, याचे हे उदाहरण होय.

४

ज्या घरांविषयी हा संशय होता त्यांची अंतर्गत रचना कशी होती, हे पाहणे आवश्यक आहे. सेरेना नंदा आणि गायत्री रेड्डी यांच्या अभ्यासांतून हिजडा समाजाची नातेव्यवस्था बरीच स्पष्ट झाली आहे. ‘रीत’ घालून एखादी व्यक्ती घराण्यात प्रवेश करते. गुरूचा गुरू तो नानगुरू, एकाच गुरूचे चेले ते गुरुभाई, चेल्याचा चेला तो नातीचेला. याखेरीज ‘दूध’ या पूर्वपदाने तयार होणारी माय-लेकीची व बहिणींची नाती स्वतंत्रपणे जोडली जातात. गुरु-चेल्याच्या नात्यात अधिकार आणि कर्तव्य आहे; दूधनात्यात माया आहे. मुंबईत परंपरेने सात घराणी मानली जातात; त्यांतील एकाचे नाव ‘पूनावाला’ असे आहे.

येथे भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. या नात्यांसाठी नवे शब्द घडविले गेले नाहीत. कुटुंबातील आणि मठ-अखाड्यांतील उपलब्ध शब्द घेऊन त्यांची नवी मांडणी करण्यात आली. स्वतःची गुप्त बोली असलेल्या समाजाने नात्यांची नावे मात्र उघड्या भाषेतील ठेवली, याचा अर्थ ती नाती लपविण्याची नसून जगाने ओळखावीत अशी होती, असा करावा लागतो.

ताब्याचे तंटे येथेही होत. चेला एका गुरूला सोडून दुसऱ्याकडे गेला तर पहिल्या गुरूने त्याच्यावर केलेला खर्च, त्याची कमाई आणि घराण्याची अब्रू यांचा निवाडा जमातीच्या पंचायतीपुढे होई, दंड ठरे, तो भरला म्हणजे नवे नाते मान्य होई. या न्यायातही चेल्याचे मत दुय्यम आणि गुरूंचा हिशेब प्रमुख असे. सरकारी कायद्याच्या कठोरपणाचे वर्णन करताना घराण्यातील सत्तेकडे डोळेझाक करणे इतिहासाला धरून होणार नाही. स्वतंत्र भारतातील न्यायालयांनी या रूढीची दखल घेतली ती वारशाच्या निमित्ताने. १९९० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चेल्याच्या मागे त्याची मालमत्ता गुरूकडे जाते ही रूढी मान्य करून तिच्याविरुद्ध केलेले मृत्युपत्र अग्राह्य ठरविले. २०१६ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयानेही गुरु-चेला परंपरेतील वारसा मान्य केला. १८७१ च्या कायद्याने मृत्युपत्र नाकारले होते ते घराणे मोडावे म्हणून; १९९० च्या निर्णयाने ते नाकारले घराणे टिकावे म्हणून. व्यक्तीची इच्छा दोन्ही वेळा बाजूलाच राहिली.

दक्षिण महाराष्ट्रातील जोगत्यांची गोष्ट निराळी आहे. कराड-मलकापूरपासून सांगली, जत, कोल्हापूर आणि पुढे सौंदत्तीच्या डोंगरापर्यंत डोक्यावर जग घेऊन चौंडक्याच्या तालावर जोगवा मागणारा, लुगडे नेसलेला जोगता हे परिचित दृश्य होय. हिजडा घराण्यात मूल बाहेरून ‘येते’; जोगता मात्र घरच्यांनी देवीला ‘दिलेला’ असतो. अंगात येणे, केसांत जट होणे, आजार न हटणे ही देवीच्या बोलावण्याची लक्षणे मानली जात आणि देणारे हात आईबापांचेच असत. त्यामुळे येथे ताब्याचा दावा सहसा न्यायालयात गेला नाही. देवीशी दावा कोण मांडणार? परंतु देण्याघेण्याच्या या व्यवहारात मुलाचे दुःख किती असू शकते, हे राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला दाखवून दिले आहे. मुंबई इलाख्याचा १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा स्त्रियांच्या समर्पणासंबंधी होता. वाहिलेल्या मुलग्यांचा विचार त्याने केला नाही. दत्तकविधानाच्या जुन्या शास्त्रातही मूल ‘दिले’ जाते आणि ‘घेतले’ जाते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने हीच प्रत्यक्ष देण्याघेण्याची क्रिया आवश्यक मानली. मात्र एक देणे कायद्याला कळते, दुसरे कळत नाही.

५

समलिंगी स्त्रीपुरुषांची आधुनिक मित्रमंडळे हा या इतिहासातील अलीकडचा टप्पा होय. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. १९९५ मध्ये मुंबईत स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला. २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन करून या विषयावर मराठीतून सातत्याने लेखन केले. या मंडळांतील अनेकांचे विवाह घरच्यांच्या आग्रहाने झालेले होते आणि त्यांतून मुलेही झालेली होती. विवाह मोडला म्हणजे मुलाचा प्रश्न उभा राही.

हा प्रश्न ज्या कायद्यांनुसार सुटावयाचा ते दोन. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे १७ वे कलम पालकाची नेमणूक करताना मुलाचे हित पाहावयास सांगते आणि त्या संदर्भात पालकाचे ‘चारित्र्य व योग्यता’ हा निकष घालून देते. मूल समजदार असेल तर त्याचे मत विचारात घेण्याची मुभाही त्यात आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या १३ व्या कलमाने मुलाचे हित सर्वोपरी मानले. वरवर पाहता या तरतुदी समलिंगी पालकाच्या विरुद्ध नाहीत. परंतु ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमत संबंधांपुरते ३७७ वे कलम रद्दबातल करीपर्यंत, २००९ ते २०१३ हा मधला काळ सोडल्यास, अशा पालकाचे खाजगी जीवन हाच कायद्याने अपराध होता. ‘चारित्र्य’ या एका शब्दात तो सारा अपराध सामावू शकत होता. मग दावा लढविण्यापेक्षा तो सोडून देणे, उघडकीस येण्यापेक्षा महिन्यातून एका भेटीवर समाधान मानणे, हा मार्ग सोयीचा ठरावा यात नवल नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यान्वये पक्षकाराच्या इच्छेवरून सुनावणी बंद दालनात होऊ शकते. त्यामुळे प्रकाशित निर्णयांत या विषयाचा माग क्वचितच लागतो. ही शांतता तंट्यांच्या अभावाची नव्हे. ती तडजोडीची शांतता आहे.

अन्य देशांत हे तंटे उघडपणे झाले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील नॅडलर खटल्यात, आई समलिंगी आहे एवढ्यावरूनच ती कायद्याने अपात्र ठरत नाही, असे अपील न्यायालयाने म्हटले. इंग्लंडात १९७७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने उलट दिशा धरली : समलिंगी पित्याने आपल्या मुलाच्या दत्तकविधानास दिलेला नकार अवाजवी ठरवून त्याची संमती अनावश्यक मानली. पुढे २१ डिसेंबर १९९९ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पोर्तुगालमधील एका पित्याच्या दाव्यात, केवळ समलिंगी म्हणून मुलीचा ताबा नाकारणे हा भेदभाव होय, असा निर्णय दिला. या निर्णयांमागे मित्रमंडळांचे श्रम होते. १९७४ मध्ये सिएटल येथे समलिंगी मातांच्या बचावासाठी जो निधी उभारला गेला, तो याच तऱ्हेच्या सामुदायिक जीवनाचे फलित होता. वकिलाची फी जमविणे, साक्षीला उभे राहणे, भेटीच्या दिवशी मुलाला सांभाळणे ही नातलगांची कामे मित्रांनी केली.

६

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्या निकालात १८७१ च्या कायद्याचा इतिहासही उद्धृत झाला आहे. या प्रकरणाशी संबंधित असलेल्या, मूळच्या पुण्याच्या गौरी सावंत यांनी आईवेगळ्या झालेल्या एका मुलीचा सांभाळ केला, ही गोष्ट पुढे सर्वतोमुखी झाली. १८७१ च्या व्यवस्थेत ज्यांना पालक होण्याची मनाई झाली असती, त्या समाजातील व्यक्तीच्या मातृत्वाचा दीड शतकानंतर जाहीर गौरव झाला. परंतु गौरव आणि हक्क या दोन गोष्टी भिन्न आहेत.

२०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाने कुटुंबाची व्याख्या रक्तसंबंध, विवाह वा कायदेशीर दत्तकविधान यांपुरती ठेवली. मूल तृतीयपंथी आहे या कारणावरून त्यास आईबापांपासून वेगळे करता येणार नाही, हे त्याच्या १२ व्या कलमाचे तत्त्व स्वागतार्ह होते; परंतु घरच्यांना सांभाळ शक्य नसेल तर न्यायालयाने त्यास पुनर्वसन केंद्रात पाठवावे, असे त्यातच म्हटले आहे. घरातून हाकलल्या गेलेल्या मुलाने आजवर ज्या घराण्याचा आसरा घेतला, त्याचा त्या कलमात निर्देशही नाही. १८७१ मध्ये घराणे हे अपराधाचे स्थान होते. २०१९ मध्ये ते अदृश्य झाले.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो खटल्यातील निकालाने अविवाहित जोडप्यांच्या, पर्यायाने समलिंगी जोडप्यांच्या, संयुक्त दत्तकविधानास आडकाठी करणारा नियम तीन विरुद्ध दोन अशा मतांनी कायम ठेवला. त्यामुळे दोघांनी मिळून वाढविलेले मूल कायद्याने एकाचेच राहते आणि तो एक मरण पावला किंवा जोडी मोडली तर दुसऱ्यास ताबा मागण्याचा पाया उरत नाही. दुसरीकडे मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका स्त्रीला तिच्या घरच्यांच्या बंधनातून मुक्त करताना, विवाह हा कुटुंब स्थापण्याचा एकमेव मार्ग नव्हे, असे स्पष्ट केले आणि ‘निवडलेले कुटुंब’ ही कल्पना ग्राह्य धरली. हा खटला सज्ञान व्यक्तीचा होता. अज्ञान मुलाच्या बाबतीत तो विचार कोठवर नेता येईल, हे अद्यापि ठरावयाचे आहे.

७

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, विवाहबाह्य व रक्तबाह्य घरांना मुले सोपविता येत नाहीत हा आपल्या समाजाचा सनातन नियम नव्हे. मराठी राज्याच्या सनदांत गुरु-चेल्याच्या वारशाला जागा होती. ती एकोणिसाव्या शतकात गेली. दुसरी ही की, मुलांच्या रक्षणाची भाषा आणि समाज नामशेष करण्याची योजना एकाच कायद्यात एकत्र नांदू शकतात. म्हणून अशा तरतुदी वाचताना त्यांच्या शेजारची कलमेही वाचावी लागतात. तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. गुरूंची पंचायत, देवीला वाहणारे आईबाप, इंग्रज दंडाधिकारी आणि मोडलेल्या संसारातील पक्षकार यांपैकी कोणीही मुलाचे मत प्रथम विचारले नाही. १८९० च्या कायद्याने ते विचारात घेण्याची वाट ठेवली आहे. त्या वाटेचा उपयोग या घरांतील मुलांसाठी कितपत झाला, याचा शोध कुटुंब न्यायालयांच्या दप्तरांतून, अर्थात् नावे गुप्त राखून, घेणे शक्य आहे. ‘ताबा’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्याच्याकडे निर्देश करीत होता, तो अनुसरणारा या इतिहासात बोलता होईल तो त्या दप्तरांतूनच.